गाणं ठेवलं विकायला, खपला तंबोरा

माझ्या ख्यालगायनाचा अल्बम स्ट्रीमिंगच्या सगळ्या ॲपांवर आहे आणि राहील. पण तिथून मला कळतं ते एवढंच, की या महिन्यात तो इतक्या वेळा वाजला. कोणी ऐकला, सांगलीत की शिकागोत, समेपर्यंत थांबले की आलापातच पुढं पळवला, काही पत्ता नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक वेळ धरतात. म्हणजे चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल आणि तीन मिनिटांचं गाणं एकाच भावानं मोजलं जातं. २०२४पासून तर वर्षभरात एक हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला पैसेच नाहीत. शास्त्रीय गाणाऱ्या साध्या कलाकाराचं तिथं काय होणार हे सांगायला नको.

म्हणून स्वतःचं ऑनलाइन दुकान काढलं. मी सांगलीच्या विश्रामबागेत गाण्याचा क्लास घेते. कॉम्प्युटरचं ज्ञान फी भरल्याच्या पावत्या काढण्यापुरतं. तरी जमलं. हल्ली बरेच गाणारे-वाजवणारे कसं केलं म्हणून फोन करतात, तेव्हा एकदाच नीट लिहून टाकते.

सुरुवात हक्कांपासून करावी लागली. ती गाळून पुढं जाऊ नका. पारंपरिक बंदिशींचा प्रश्न नव्हता. गुरुजींनी बांधलेल्या दोन बंदिशी होत्या, त्यांच्याकडून चार ओळींचं पत्र सहीनिशी घेतलं. त्यांना हसू आलं, पण सही केली. तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांशीही लेखी ठरवलं: बिदागी इतकी, शिवाय विक्रीतला वाटा इतका. अडलं ते अभंगापाशी. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण मी गात होते ती चाल एका संगीतकाराची. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. दुसऱ्याचं गाणं आपण गाऊन विकण्यासाठी, म्हणजे कव्हरसाठी, कायद्यात परवान्याची सोय आहे, पण त्यात किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी धरतात आणि तीही आगाऊ. माझ्या पन्नास प्रती खपल्या तरी पेढे वाटायची वेळ! मग अभंगाला स्वतः चाल लावली. बरी झाली आहे, असं माझं मत.

दुकान म्हणजे शेवटी एक वेबसाइट. ती एका विद्यार्थिनीच्या भावानं बांधून दिली. खरी परीक्षा पैसे घेण्याची. तुम्ही म्हणाल, क्यूआर कोड टाकला की झालं. सुरुवातीला मीही तेच करत होते, आणि कार्यक्रमानंतर टेबलावर विकायला आजही क्यूआरच उत्तम, कारण त्यात कोणाचं कमिशन नाही. पण ऑनलाइन गिऱ्हाईक पैसे पाठवणार, मग व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवणार, मग मी बँकेचं ॲप उघडून खात्री करणार, मग फाइल पाठवणार. क्लास चालू असताना हे करायचं कधी? रात्री अकराला "ताई, फाइल?" असे मेसेज येऊ लागले. पैसे जमा होताच लिंक आपोआप जावी, तर पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर पैसे स्वीकारून देणारी सेवा, लागते.

गेटवेसाठी पॅन, आधार, रद्द केलेला चेक हे सगळं दिलं. उद्यम (म्हणजे लहान उद्योगाची) नोंदणीही मागितली, ती सरकारी साइटवर आधारवरून फुकट होते (पैसे मागणाऱ्या साइट दिसतील, त्यांच्या वाट्याला जाऊ नका). तरी अर्ज परत आला. वेबसाइटवर नियम-अटी, गोपनीयता धोरण, परतावा धोरण आणि पत्त्यासह संपर्काचं पान हवं म्हणे, आणि प्रत्येक वस्तूची किंमत दिसायला हवी. परतावा धोरणावर मी बराच वेळ अडले. उतरवून घेतलेलं गाणं कोणी परत कसं करणार? शेवटी सरळ लिहिलं: फाइल उघडली नाही तर सात दिवसांत कळवा, दुसरी पाठवू, तीही चालली नाही तर पैसे परत. गाणं आवडलं नाही तर इलाज नाही. शेवटचं वाक्य वेबसाइट बांधणाऱ्या त्या विद्यार्थिनीच्या भावानं काढायला लावलं. मला ते प्रामाणिक वाटत होतं. गेटवे साधारण दोन टक्के घेतो आणि त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी. तीनशे रुपयांतले सात रुपये आणि वर काही पैसे गेले, बाकी माझे.

परदेशातल्या रसिकांसाठी बँडकॅम्पवर (कलाकारांना थेट संगीत विकता येतं अशी साइट) वेगळं पान केलं. डिजिटल विक्रीवर ते पंधरा टक्के घेतात, पैसे पोहोचवणाऱ्या पेपालचं शुल्क वेगळं, डॉलरचे रुपये करतानाही थोडं गळतं. मग भारतातल्यांनाही तिथंच का पाठवू नये? कारण पेपालनं १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं. कोल्हापूरच्या माणसाला सांगलीतल्या मला त्यावरून पैसे देता येत नाहीत, न्यू जर्सीच्या माणसाला येतात. म्हणून दोन दुकानं.

दुकान उघडलं, अल्बम ठेवला. ओळखीच्यांनी घेतला, मग थंडावला. त्याच सुमारास क्लासमधल्या मुली तक्रार करत होत्या, की मोबाइलवरच्या तंबोऱ्याला जीव नाही आणि व्हिडिओवरच्या तंबोऱ्यात मध्येच साबणाची जाहिरात येते. मारवा रागाचा निषाद लावायला बसावं आणि साबण! खरा तंबोरा बनतो कुठं, तर आमच्यापासून तासाभराच्याही आत, मिरजेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी बातम्या फिरवल्या. आणि आमची पोरं मात्र बटणाचा तंबोरा लावून रियाज करतात.

म्हणून खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण करून तेच दुकानात ठेवायचं ठरवलं. मिरजेच्या ज्या कारागिरांकडून माझे तंबोरे घेतलेत, त्या चाचांकडे गेले. एका तंबोऱ्यावर बाराही पट्ट्या (पट्टी म्हणजे गाणारा आपला सा जिथं धरतो तो सूर) नीट बोलत नाहीत. पुरुषांच्या पट्टीचा मोठा आणि बायकांच्या पट्टीचा लहान, असे दोन लागतात. चाचांनी जवारी (तारा टेकतात त्या घोडीला घासून आणलेली झणझण) काढायला घेतली आणि विचारलं, "माणसासाठी वाजवायचाय की माइकसाठी?" माइकसाठी म्हटल्यावर त्यांनी जवारी मी सांगितली त्यापेक्षा थोडी बंद ठेवली. खुल्या जवारीची झणझण खोलीत गोड लागते, माइकजवळ टोचते. हे मला कुठल्या स्टुडिओत कोणी सांगितलं नव्हतं.

ध्वनिमुद्रण थंडीत आणि रात्री केलं. पावसाळ्यात दमट हवेनं जवारी बदलते, तारा सुरात राहत नाहीत. पहिली तार ज्या सुराला लावायची त्याचा तो तंबोरा: पंचमाचा बाराही पट्ट्यांत, मध्यमाचाही बाराही पट्ट्यांत (मालकंसासारखे पंचम नसलेले राग गाणाऱ्यांसाठी), आणि निषादाचा काही पट्ट्यांत. मधल्या दोन जोडीच्या तारा एकमेकींत विरघळेपर्यंत सुरुवातच करायची नाही, असं ठरवलं होतं. त्यामुळं एकेका रात्री एकच पट्टी व्हायची.

मग फाइल कुठल्या स्वरूपात द्यायची हा घोळ. अर्ध्या तासाची एमपीथ्री केली आणि रिपीटवर लावली, तर दर खेपेला सांध्यात बारीकसा खड्डा ऐकू यायचा. एमपीथ्री करताना फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता जोडली जाते. गाण्यात ती कळत नाही, तंबोऱ्यात खड्यासारखी दाताखाली येते. म्हणून एकेक फाइल तासाभराची केली. ३२० केबीपीएसला (एमपीथ्रीचा सगळ्यात वरचा दर्जा) ती १४४ एमबी भरते, तीच न दाबलेल्या वेव्हमध्ये सहाशेच्या वर. ज्यांना सांधा नको त्यांच्यासाठी फ्लॅकही (आवाज न गमावता लहान केलेली फाइल) ठेवली. झिप फाइल मात्र बंद केली. अर्ध्या लोकांना मोबाइलवर झिप उघडता येत नाही, आणि ते चिडून तुम्हालाच फोन करतात. सुटी पट्टी घ्या, सुटी फाइल उतरवा.

भजनी मंडळांतल्या ज्येष्ठांना डाउनलोड नकोच असतं, पेनड्राइव्ह हवा, स्पीकरला लावायला. तो फॅट३२मध्ये फॉरमॅट करा आणि त्यात एमपीथ्रीच भरा, नाहीतर बरेच जुने स्पीकर आणि गाडीतले डेक तो ओळखतच नाहीत.

पेनड्राइव्हनं मला जीएसटीच्या दारात नेलं. आमचे सीए म्हणाले, "ताई, डाउनलोड ही सेवा. वीस लाखांपर्यंत उलाढाल असेल तर परराज्यात विकली तरी नोंदणी लागत नाही. पेनड्राइव्ह ही वस्तू. ती एक जरी परराज्यात पाठवली तरी नोंदणी आली." म्हणजे नागपूरला बिनधास्त पाठवा. पण म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडला पाठवायचा तर जीएसटी नंबर, दर वेळी रिटर्न, आणि सगळ्याच विक्रीवर कर. कागवाड, अथणी, विजापूर हा तर आमच्या गाण्याचा जुना टापू. मिरजेला दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेला तिकडून माणसं येतात. सध्या त्यांना सांगते, डाउनलोड घ्या नाहीतर सांगलीला आलात की हातोहात घेऊन जा. त्यांना हे विचित्र वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही.

विक्रीचं म्हणाल, तर अल्बमच्या कितीतरी पट तंबोरा खपतो. सगळ्यात जास्त काळी चार आणि काळी पाच (हार्मोनियमच्या काळ्या बटणांवरून पडलेली पट्ट्यांची नावं), म्हणजे गाणाऱ्या मुली. घरातले चिडवतात, की लोक तुझं गाणं सोडून मागचा तंबोरा घेतात. घेऊ देत. तो मीच छेडलाय. शिवाय ते कोण आहेत हे मला आता माहीत आहे. ऑर्डरसोबत नाव आणि ईमेल येतं. पत्र पाठवलं तर चालेल का, असं तिथंच विचारते. हो म्हणतात त्यांनाच लिहिते. लंडनचे एक डॉक्टर ड्यूटीनंतर मध्यमाच्या तंबोऱ्यावर बसतात. सोलापूरच्या एका शिक्षिकेनं शाळेसाठी घेतला आणि मुलांच्या गळ्याला पट्टी कुठली ठेवू म्हणून विचारलं, त्यावर आमचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. माझा अल्बम हल्ली विकत घेतात ते बहुतेक याच यादीतले.

डॉक्टरांनी आता पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधली पट्टी मागितली आहे, त्यांचा गळा नेमका तिथं बसतो. हार्मोनियमवर ती नाहीच, तंबोऱ्याला काय, खुंटी पिळली की झालं. चाचांना विचारलं तर म्हणाले, आधी तारा बदल, जुन्या झाल्यात. थंडी सुरू झाली की बदलून घेते.