समुद्र नाही, पण नाथसागर आहे!

कोकणातली मंडळी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो टाकून आम्हाला जळवतात. आज म्हटलं, चला आपल्या समुद्रावर. नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. त्याचं पाणी भरलं की जवळपास ३५० चौरस किलोमीटर पसरतं, समोरचा काठ दिसत नाही. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, तरी पैठणला येणारे बहुतेक जण नाथांचं दर्शन आणि पैठणीचं दुकान एवढ्यावरच परत फिरतात.

सकाळी धुकं होतं, दुर्बिणीच्या काचेवर सारखी वाफ. मग उथळ पाण्यात चक्रवाक बदकांची जोडी दिसली. अंग नारिंगी, डोकं फिकट, आवाज मात्र भांडकुदळ. पलीकडे रोहित पक्षी चोच उलटी करून चिखल गाळत होते. पण आजचा मान पट्टकादंब या रानहंसांचा. डोक्यामागे दोन काळे पट्टे, चाल एकदम पाटलाची! हिमालय ओलांडून येतात हे, आणि आपण पैठणला यायचं तर थंडीचं कारण सांगतो.

पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेऱ्याचा हरभरा होता. तिथले मामा म्हणाले, "फोटो काढा की साहेब, पण रातच्याला हेच आमचा हरभरा खायलेत, त्याचं काय?" यावर काय बोलणार! त्यांनीच मूठभर ओले घाटे हातात ठेवले.

जाणाऱ्यांनी भडक कपडे टाळा, ड्रोन तर अजिबात नको. फोटो रात्री टाकतो, रेंज नाही इथं.