वळवाआधी टीव्हीची पिन

एप्रिल-मे आला की खानापूर भागात दुपारनंतर ढग गडगडायला लागतात आणि मला टीव्हीची काळजी लागते. आमच्याकडे बहुतेक घरांना कौलं किंवा पत्रे, त्यावर डिशची छत्री. लोक टीव्हीची पिन काढतात, पण सेट-टॉप बॉक्सला छत्रीवरून आलेली केबल तशीच राहते. विजेचा झटका त्या वाटेनंही आत येतो. म्हणून दोन्ही काढायचं, तेही आभाळ भरून आलं की लगेच. कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हातच लावू नये.

परवा गल्लीतल्या आक्कांकडे नवा टीव्ही भिंतीवर लावायचा होता. पोरगा ड्रिल घेऊन नेमका स्विचबोर्डाच्या वर भोक पाडायला निघाला. मी म्हटलं, "आक्का, थांबवा त्याला! बोर्डाची वायर भिंतीतून तिथूनच वर जाते." मेन बंद केला, ब्रॅकेट बाजूला सरकवला. मग सॉकेट उघडून बघितलं, तर अर्थिंगच्या टर्मिनलला वायरच नव्हती. जुन्या घरांत हे फार दिसतं, आणि मला याचा खरंच राग येतो. सॉकेटला तीन भोकं दिसली की अर्थिंग आहेच असं समजून माणूस निर्धास्त होतो.

आणखी एक. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला शॉक बसताना त्याचा भरवसा नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे थोडा करंट जरी गळला तरी लगेच वीज तोडणारा स्विच. आक्कांनी पुढच्या आठवड्यात वायरमनला बोलावलंय, अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्हीसाठी.