आपट्याचं पान, वाळूचा कण: बिंदू ठेवायचा कुठे?

मराठीत ‘आकार’ म्हटलं की दोन गोष्टींची सरमिसळ होते: केवढं आणि कसं. शेप ॲनालिसिसमध्ये, म्हणजे आकृत्यांची ठेवण आकड्यांत मोजून ताडण्याच्या पद्धतीत, पहिल्याच पायरीला त्यांची फारकत करावी लागते. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास खपतात. कांचनाचं पान मोठं असतं, हे दादरच्या बाजारात कोणीही सांगेल. पण दोन्ही पानं एकाच मापाची करून ठेवली, तर फरक किती उरतो?

पानं ताजी असतानाच स्कॅन करावीत, सगळी एकाच बाजूने, 300 डीपीआयवर, शेजारी मोजपट्टी ठेवून. ही पानं मधल्या शिरेवर दुमडतात. झाकण दाबूनही घडी राहिली तर रुंदी कमी भरते आणि तो ‘फरक’ थेट निकालात उतरतो. मोबाईलचा फोटो नकोच, कडेला ताणला जातो.

मग लँडमार्क, म्हणजे प्रत्येक नमुन्यावर नेमके तेच ओळखता येणारे बिंदू. देठाचा सांधा, दोन पाळ्यांमधली खाच, दोन्ही पाळ्यांची टोकं: हे चार बिंदू प्रत्येक पानावर तेच असतात. कडेच्या चार भागांवर प्रत्येकी चार सरकते बिंदू (ज्यांची जागा कडेवर पुढे-मागे सरकवून जुळवतात) घेतले की एकूण 20 होतात. प्रोक्रस्टीस या जुळवणीच्या पद्धतीत सगळ्या पानांचे मध्य एकावर एक आणतात, सेंट्रॉइड साइजने (मध्यापासून बिंदू किती पसरलेत, त्या मापाने) भागतात, आणि वेगवेगळ्या पानांवरच्या जुळणाऱ्या बिंदूंमधल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान होईपर्यंत फिरवतात. सेंट्रॉइड साइज फेकू नका. पान वाढताना त्याची ठेवणही बदलते का, ते तिच्या लॉगशी (लॉगॅरिदमशी) ताडूनच कळतं.

घोळ बहुतेकदा पुढे होतो. 20 बिंदूंचे, प्रत्येकी आडवा नि उभा धरून, 40 आकडे. अख्खं पान सरकवणं, मापणं, फिरवणं यांत चार जातात, उरतात जास्तीत जास्त 36. पानं 30 असतील तर डिस्क्रिमिनंट (गट वेगळे करणारं गणित) कुठलेही दोन गट झकास वेगळे करून दाखवेल, अगदी चिठ्ठ्या टाकून केलेलेसुद्धा! आधी पीसीए (अनेक आकड्यांतला फरक थोड्या मुख्य दिशांत, म्हणजे अक्षांत, गोळा करणारी पद्धत) करून मोजके अक्ष घ्या आणि एकेक पान बाहेर ठेवून पडताळा. शिवाय तीन झाडांची 60 पानं म्हणजे 60 नमुने नव्हेत, झाडं तीनच. 20 पानांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा बिंदू लावा. दोन खेपांमधला फरक झाडाझाडांतल्या फरकाएवढा निघाला, तर पुढचं गणित व्यर्थ आहे.

दगडाकडे वळलं की पायाच निसटतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे खांब घ्या: एकाला पाच बाजू, दुसऱ्याला सहा. पहिल्याचा तिसरा कोपरा दुसऱ्याच्या कुठल्या कोपऱ्याशी जोडायचा? उत्तरच नाही. अशा वेळी लँडमार्क सोडून संपूर्ण बाह्यरेषा घेतात आणि लंबवर्तुळी फूरिए या गणिती पद्धतीने तिची हार्मोनिक्समध्ये, म्हणजे ढोबळपासून बारीकपर्यंतच्या लंबवर्तुळांत, फोड करतात.

वाळूचंही तेच. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढावा, नाहीतर दगडाऐवजी शिंपला मोजला जातो. 250 ते 500 मायक्रॉनचे कण चाळून घ्यावेत. स्कॅनर इथे कुचकामी: पाव मिलिमीटरचा कण 600 डीपीआयवर जेमतेम सहा पिक्सेलचा दिसतो. मायक्रोस्कोपच हवा.

आणखी एक खोच आहे. फूरिएत सगळ्या कणांची दिशा सहसा पहिल्या लंबवर्तुळाच्या लांब अक्षावरून जुळवतात. कण गोलसर असेल तर तो अक्ष पिक्सेलभर फरकानेही भलतीकडे वळतो, आणि पीसीएत ठिपक्यांचा ढग पसरतो तो कणांमुळे नव्हे, या वळण्यामुळे. अशा कणांसाठी दिशा सोडून द्यावी आणि प्रत्येक हार्मोनिकची फक्त ताकद तुलनेला घ्यावी.