एजंटला अख्खा ऑडिट रिपोर्ट देऊ नका

एआय एजंटकडून (टूल वापरून स्वतः काम करणारा एआय) वेबसाइटचं एसईओ (गूगलसारख्या शोधात साइट नीट सापडावी यासाठीची तयारी) तपासून घ्यायचं, तर त्याला एक टूल लागतं: पत्ता दिला की ऑडिटचा निकाल हातात. बरेच जण ते गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स एपीआयवर (प्रोग्रामने माहिती मागवण्याची सोय) बांधतात. तो फुकट आहे आणि आत लाइटहाउस हे गूगलचं पानं तपासणारं साधन चालतं. टूल चालू व्हायला फार वेळ लागत नाही. पण मग एजंट भलतंच सांगू लागतो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा टूलने परत दिलेल्या उत्तरात सापडतं.

आधी विनंती नीट करा. कॅटेगरी (काय तपासायचं ते) लिहिली नाही तर एपीआय फक्त परफॉर्मन्स म्हणजे वेग तपासतो, एसईओ वेगळं मागावं लागतं. स्ट्रॅटेजी (मोबाइल की डेस्कटॉप ते) लिहिली नाही तर डेस्कटॉप धरला जातो. गूगल इंडेक्सिंगसाठी (पानं शोधयादीत घेण्यासाठी) मोबाइलचं पान बघतं, तेव्हा टूलमध्ये मोबाइल हाच डिफॉल्ट ठेवा. एपीआय की (आपली ओळख सांगणारी किल्ली) घ्याच, नाहीतर थोड्याच विनंत्यांनंतर ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’ ही चूक) येऊ लागतो.

देवनागरी पत्ते असलेल्या साइटना इथे जास्त जपावं लागतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत) ३ बाइट घेतं, एन्कोड झाल्यावर (प्रत्येक बाइटची % आणि दोन अक्षरं होऊन) त्याची ९ चिन्हं होतात. ‘पुणे’ एवढा शब्द काना-मात्रांसकट ३६ चिन्हांचा होतो. पत्ता क्वेरीत घालताना एकदाच एन्कोड झाला पाहिजे. कोडमध्ये आपण हाताने एन्कोड केलं आणि एचटीटीपी लायब्ररीने तेच परत केलं, तर पत्ता मोडतो. ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडतं आणि टूल मात्र ‘पान सापडत नाही’ म्हणतं, तेव्हा सगळ्यात आधी हेच बघा.

आता उत्तर. पूर्ण जेसन (एपीआयचं उत्तर ज्या रूपात येतं तो मजकूर) शेकडो किलोबाइटचा असू शकतो, आणि त्यातला मोठा भाग बेस६४ मधले (मजकुरात बदललेले) स्क्रीनशॉट असतात. ते एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये (त्याला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात) गेले की कामाच्या गोष्टींना जागाच उरत नाही. एपीआयचा ‘फील्ड्स’ पॅरामीटर वापरून हवे तेवढेच भाग मागवा आणि टूलमध्ये आणखी गाळा. नापास झालेली तपासणी, पानावर ती नेमकी कुठे अडली त्याचा एचटीएमएल तुकडा, आणि अशा जागांची एकूण संख्या, एवढं पुरतं. संख्या विसरू नका. ‘एकूण ३७, त्यातल्या ५ खाली’ असं लिहिलं नाही तर एजंट वापरकर्त्याला ५ च चुका सांगेल.

सगळ्यात जास्त घोळ ‘नल’ने (म्हणजे ‘मूल्यच नाही’) होतो. लाइटहाउसमध्ये पास म्हणजे १, नापास म्हणजे ०, पण जी तपासणी त्या पानाला लागूच होत नाही किंवा माणसाने हाताने करायची असते तिचा स्कोअर ‘नल’ येतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘स्कोअर १ पेक्षा कमी’ ही अट लावली की नलही त्यात बसतो. मग ज्या पानावर एकही चित्र नाही तिथे एजंट चित्रांना ऑल्ट मजकूर (चित्राचं लेखी वर्णन) नसल्याची तक्रार करतो. स्ट्रक्चर्ड डेटाची (सर्च इंजिनसाठी ठराविक साच्यात दिलेली माहिती) तपासणी तर कायम ‘मॅन्युअल’ असते, म्हणजे ती प्रत्येक पानावर नापास दिसणार. म्हणून स्कोअर वाचण्याआधी ‘स्कोअर डिस्प्ले मोड’ वाचा. बायनरी (पास-नापास) आणि न्यूमेरिक (आकड्यातला) तेवढे मोजा, मॅन्युअलची वेगळी यादी द्या.

एकूण गुण ० ते १ मध्ये येतात. टूलमध्येच १०० ने गुणून द्या, नाहीतर ०.९२ चं एजंट काय करेल सांगता येत नाही. आणि पूर्ण १०० मिळाले म्हणून निश्चिंत होऊ नका. शीर्षक ‘होम’ एवढंच असलं तरी ते पास होतं. मेटा डिस्क्रिप्शन (शोधनिकालासाठी पानाचं छोटं वर्णन) आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. मराठी पानासाठी एचआरईएफलँगमध्ये (पानाची भाषा सांगणारी खूण) ‘एमआर’ हवं. कुणी महाराष्ट्र डोक्यात ठेवून ‘एमएच’ लिहिलं तरी तपासणी पास होते, कारण तो मार्शल बेटांच्या मार्शलीज भाषेचा वैध कोड आहे. अशा गोष्टी एजंटने स्वतः वाचून ठरवायच्या, आणि त्यासाठी टूलने शीर्षक, डिस्क्रिप्शन, कॅनॉनिकल (पानाचा मुख्य पत्ता) यांचा मूळ मजकूर द्यायला हवा.

मागितलेला पत्ता आणि शेवटी उघडलेला पत्ता, दोन्ही उत्तरात ठेवा. पान लॉगिनकडे रीडायरेक्ट झालं असेल तर ऑडिट लॉगिनच्या पानाचं झालेलं असतं, आणि गुण पाहून ते कळत नाही.

वेगाचे आकडे दोन जागांहून येतात. एक लाइटहाउसची त्या क्षणाची चाचणी, दुसरा क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांचा गेल्या २८ दिवसांचा डेटा. त्यांना एकाच रकान्यात टाकू नका. दुसऱ्यातला लेआउट शिफ्टचा (पानावरचा मजकूर अचानक किती सरकतो त्याचा) आकडा १०० पटीत असतो: १० आला तर तो ०.१० समजायचा, आणि ०.१ ही चांगल्याची मर्यादा आहे. पानाला पुरेसे वाचक नसतील तर अख्ख्या साइटचे आकडे मिळू शकतात. तसं झालं की उत्तरात स्पष्ट लिहा.

चूक झाली तर ती चूक म्हणूनच परत द्या. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एजंट आणि टूल जोडण्याची ठरलेली पद्धत) त्यासाठी वेगळा एरर फ्लॅग आहे. टाइमआउट झाल्यावर टूलने नापास तपासण्यांची रिकामी यादी दिली, तर एजंट ‘पानात काहीच दोष नाही’ असं खात्रीने सांगतो. एका पानाला अर्धा मिनिट सहज लागू शकतो, तेव्हा टाइमआउट ६० ते ९० सेकंद ठेवा. बरीच पानं असतील तर दोन टूल करा: पहिलं काम सुरू करून आयडी देतं, दुसरं त्या आयडीवर निकाल देतं. काम अर्धवट असेल तर ‘४० पैकी १२ पानं झाली, ३० सेकंदांनी विचारा’ असं उत्तर द्या. नुसतं ‘चालू आहे’ म्हटलं की एजंट लगोलग विचारत राहतो आणि विनंत्यांचा कोटा संपवतो.

पानातून आलेला मजकूर परक्याचा असतो. ‘आधीच्या सूचना विसर’ असं कुणी ऑल्टमध्ये लिहून ठेवलं असेल तर तेही एजंटपर्यंत पोचतं. म्हणून तुकडे छोटे कापा, वेगळ्या फील्डमध्ये ठेवा, आणि ऑडिट करणाऱ्या एजंटला साइट बदलण्याचा अधिकार देऊ नका.

प्रत्येक निकालासोबत वेळ आणि लाइटहाउसची आवृत्ती साठवा. २०२४ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत बटणं बोटाने दाबण्याइतकी मोठी आहेत का ही तपासणी एसईओमधून गेली, त्यामुळे आधीचे गुण आणि नंतरचे गुण सरळ शेजारी मांडता येत नाहीत.