दोन सावल्या जुळवताना

सरल आवर्त गती (लंबकासारखं मागे-पुढे झुलणं) म्हणजे एकविध, म्हणजे एकाच चालीच्या, वर्तुळाकार गतीचा व्यासावरचा प्रक्षेप (जणू सावलीच), हे वाक्य मी बारावीच्या फळ्यावर दरवर्षी लिहिते. यंदा ते मुलांना डोळ्यांनी दाखवायचंच ठरवलं. घरातला जुना रेकॉर्ड प्लेअर काढला, तबकडीवर मध्यापासून १० सेंमीवर पेन्सिलीचा तुकडा उभा चिकटवला, मागे लंबक टांगला, समोर दिवा. अर्ध्या तासात पडद्यावर दोन्ही सावल्या हलू लागल्या.

पुढे तीन संध्याकाळी एकाच जागी अडकले.

प्लेअरच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. तेवढ्याच आवर्तकालाच्या, म्हणजे एका दोलनाला तेवढाच वेळ घेणाऱ्या, लंबकाची लांबी ८०.४ सेंमी. दोरा नीट मापला. पहिली चार-पाच दोलनं सावल्या एकमेकींवर बसलेल्या. विसाव्या दोलनापर्यंत गोळा पाव चक्र मागे पडला, चाळिसाव्याला तर दोन्ही सावल्या विरुद्ध टोकांना! प्लेअरचा पट्टा सैल असेल म्हणून तो बदलला, फरक शून्य. दहा फेऱ्या १८.० सेकंद, दहा दोलनं १८.२. एवढा फरक घड्याळ दाबण्यातच येतो म्हणून सोडून दिला, तिथेच चुकलं. शेवटी पन्नास-पन्नास मोजली: ९०.० आणि ९१.१. लंबकच मंद होता. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. मी दोराच ८०.४ ठेवला होता. गोळ्याचा व्यास ४ सेंमी, म्हणजे लांबी २ सेंमी जास्त. मुलांना हेच दर वर्षी बजावते, म्हणून फारच चीड आली. तेव्हा कोणी हे करणार असाल तर दहावर थांबू नका, पन्नास मोजा.

दिवा तीन-चार मीटर लांब आणि तबकडीच्याच पातळीत हवा. तो वर असला तर पेन्सिलीची सावली सरळ रेषेत न जाता लंबवर्तुळात फिरते. आणि हो, गोळाही १० सेंमीच ओढा. पेन्सिलीची सावली टोकाला पोचली की त्याच क्षणी सोडायचा. हे जमायला मला सात-आठ प्रयत्न लागले.

वर्गात दिवे मालवले. पन्नास दोलनं सावल्या सुटल्या नाहीत. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, टोकाला सावली थांबते, पण पेन्सिल थांबतच नाही!” पेन्सिलीची चाल सगळीकडे सेकंदाला ३५ सेंमी, सावलीला ती फक्त मध्यावर मिळते. सावलीच्या चालीचं सूत्र त्या दिवशी मला फळ्यावर लिहावं लागलं नाही, मुलांनीच लिहिलं.