आदल्या रात्री नाही दुखलं

आज दादरच्या धर्मशाळेत मुलांसोबत ध्यानाला बसले होते. सहा जण, तेरा ते सतरा वयाचे. जळगावची, नांदेडची, एक थेट बिहारचा. सगळ्यांचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलात.

‘डोळे मिटा’ म्हणणं मी सोडलंय. डोळे मिटले की स्कॅनचं मशीन दिसतं, असं एका मुलीनं मागे सांगितलं होतं. आता डोळे उघडेच ठेवतो, नजर समोरच्या भिंतीवर. श्वासाकडे लक्ष द्यायला नको वाटत असेल तर तळपायांवर. केमोनंतर ढवळत असलेल्या मुलाला पोटाकडे लक्ष द्यायला सांगणं, खरं सांगते, क्रूरपणा वाटतो मला.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा, अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा, मोठ्यांसाठी. इथे कुणाच्या रक्तातल्या पेशी घसरतात, कुणाला ताप येतो, पुढच्या वेळी कोण असेल सांगता येत नाही. म्हणून तीनच मिनिटं. तीही पुष्कळ.

आज ल्युकेमियावाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर असलेला, पंधरा वर्षांचा मुलगा शेवटी थांबला. म्हणाला, “ताई, काल पाठीतलं इंजेक्शन होतं. दुखलं तेवढंच दुखलं. पण आदल्या रात्री नाही दुखलं.”

मला पटकन काही बोलताच येईना.

त्याची आई दारात चप्पल घालत होती. तिनं विचारलं, “मी पण बसू का गुरुवारी?”

बसा ना, आई. तुमच्यासाठी सतरंजी घालून ठेवते.