गुन्हा काय लावला होता?

प्रागच्या जुन्या चौकात आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. टाऊन हॉलच्या घड्याळाखाली उभं राहायचं, तास पडला की खिडक्यांतून फिरणारे प्रेषितांचे पुतळे बघायचे, मग थोडा मोकळा वेळ. नऊ वर्षं मी टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप घेऊन इथे येतेय. घड्याळाच्या कोपऱ्यावरून वळलं की पूर्वेच्या भिंतीसमोर फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे 27 क्रूस बसवलेत. तिथून जाताना मी एकच वाक्य सांगायचे, ‘1621 मध्ये कॅथलिक सम्राटानं इथे 27 प्रोटेस्टंटांना मारलं.’

त्या दिवशी ग्रुपमध्ये कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. माझं वाक्य ऐकून ते थांबले.

“गुन्हा काय लावला होता हो, ताई?”

“प्रोटेस्टंट होते ना, काका.”

“ते झालं कारण. निकालात काय लिहिलं होतं? धर्म सोडला असं, की राजाविरुद्ध उठाव केला असं?”

मला सांगता येईना. मी आमच्या लोकल गाईडला विचारलं. ती तिथलीच, प्रागची. तिनं हातातली छत्री मिटली आणि क्रूसांच्या कडेला उभी राहून बोलायला लागली. मी वाक्यावाक्याला माइकवर मराठी करत होते.

निकालात राजद्रोह होता. 23 मे 1618 ला बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक भागाच्या, प्रोटेस्टंट सरदारांनी प्रागच्या किल्ल्यात घुसून सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा एक चिटणीस खिडकीतून खाली फेकले. तिघंही वाचले. पुढच्या वर्षी त्यांनी कॅथलिक फर्डिनांडला, जो नंतर सम्राट झाला, राजा मानणं सोडलं आणि जर्मनीतला फ्रेडरिक गादीवर आणला. 8 नोव्हेंबर 1620 ला प्रागच्या वेशीबाहेर, पांढऱ्या टेकडीवर, दोन तासही न चाललेल्या लढाईत सगळं संपलं. 21 जून 1621 च्या पहाटे या चौकात मृत्युदंडासाठी मंच उभारला होता. 3 उमराव, 7 सरदार, 17 नागरिक. जल्लाद एकच, तलवारी चार. मरणाऱ्यांचे शब्द लोकांना ऐकू जाऊ नयेत म्हणून ढोल वाजत होते. विद्यापीठाचा प्रमुख येसेनियस उत्तम बोलणारा होता. त्याची आधी जीभ कापली. हे वाक्य मराठीत सांगताना माझाच आवाज अडकला.

“आणि जप्ती?” काकांनी विचारलं. “जमिनी कुणाच्या नावावर चढल्या?”

गाईडनं त्यांच्याकडे नीट बघितलं. बहुतेक हे तिला फारसं कुणी विचारत नसावं. खटला चालवणाऱ्या आयोगाचा प्रमुख होता कार्ल फॉन लिक्टेनश्टाइन. जन्मानं प्रोटेस्टंट, पुढे कॅथलिक झालेला. जप्त झालेल्या इस्टेटींमधून भरपूर जमीन त्याच्याच घरात गेली. काका एवढंच म्हणाले, “न्यायाधीशच लिलावात.” त्यांचा चेहरा उतरला होता. आयुष्यभर ज्यानं कोर्टाचे कागद सांभाळले, त्याला ते फार लागलं असावं.

मग त्या सत्तावीसांतल्या श्लिक नावाच्या उमरावाची गोष्ट निघाली. सर्वांत आधी मान उतरली ती त्याची. तो पळून गेला होता, त्याला पकडून सम्राटाच्या हवाली केलं जर्मनीतल्या सॅक्सनीच्या शासकानं, म्हणजे एका लुथरपंथी प्रोटेस्टंटानंच. युद्धात सम्राटाला साथ दिल्याबद्दल सॅक्सनीला लुसाटिया प्रांत मिळाला. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर टांगली, त्यांतली बहुतेक दहा वर्षं तिथेच राहिली. 1631 मध्ये ती उतरवून पुरली गेली, कारण तेव्हा प्रागमध्ये सॅक्सनीचं सैन्य शिरलं होतं. शासक तोच, योहान गेओर्ग. या वेळी तो सम्राटाच्या विरुद्ध होता. त्याच वर्षी फ्रान्सचा कॅथलिक कार्डिनल रिशल्यू स्वीडनच्या प्रोटेस्टंट राजाला सम्राटाशी लढायला पैसे पुरवत होता. तीस वर्षं चाललेल्या या युद्धाला आपण धर्मयुद्ध म्हणतो. श्रद्धेसाठी मेलेले होतेच, त्यांची श्रद्धा खरी होती. सौदे करणारे वेगळे होते.

“सत्तावीसही प्रोटेस्टंटच होते?” काकांचा शेवटचा प्रश्न.

“नाही,” गाईड म्हणाली. “एक कॅथलिक होता.”

दिविश चेर्नीन. किल्ल्याचा अधिकारी. 1618 च्या त्या दिवशी त्यानं सरदारांना किल्ल्यात येऊ दिलं होतं. नऊ वर्षं माझ्या वाक्यात हा माणूस नव्हता.

कोपऱ्यापलीकडे तास पडला, गर्दीतून मोबाईल वर झाले. आमच्यातले पाच-सहा जण तिकडे धावले. काका भिंतीवरच्या पाटीपाशी गेले. तिथे सगळी नावं कोरलेली आहेत. गाईडनं एका ओळीवर बोट ठेवलं. काकांनी खिशातून छोटी डायरी काढली, चष्मा वर सरकवला, आणि पेन टेकवण्याआधी मला विचारलं,

“चेर्नीनमधला च कुठला, ताई? चाकातला की चहातला?”

मी गाईडला नाव पुन्हा म्हणायला लावलं. “चहातला, काका.”